कस्टमने ठेवून घेतलेलं मशीन

मी बँकॉक पाहिलेलं आहे. हे एवढंसं वाक्य बारा वर्षांत मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही; आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या सदाभाऊपाशी तर नाहीच.

यात लपवण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. दोह्यातले निम्मे लोक बँकॉक करून आलेत, फोटो लावतात, मिटक्या मारत सांगतात. पण माझं बँकॉक फोटो लावण्यासारखं नाही. त्यात ब्राउन टेपने गुंडाळलेला एक खोका आहे, साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवाव्यात एवढा. तो माझा नव्हता.

गेल्या शुक्रवारी आम्ही तिघं अल रुवैसला गेलो होतो. सदाभाऊ येत्या गुरुवारी कायमचा देवगडला निघालाय. सव्वीस वर्षांचं कतार खलास. शेवटची काही वर्षं तो तिथल्या बंदरावर बर्फाची गाडी चालवत होता. जाण्याआधी एकदा येऊन चहा पिऊन जा, असं त्याने तीनदा फोन करून सांगितलं होतं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळट माती, आणि मागच्या सीटवर माझी मुलगी सई. सुट्टीत बँकॉकला जायचं तिने आणि तिच्या आईने ठरवून टाकलंय. ती फोनमध्ये बघून मला शिकवत होती.

"बाबा, फर्स्ट टाइम विझिटर्सनी पॅलेस सकाळी करावा, इट सेज. अँड यू हॅव टू वेअर फुल पँट. शॉर्ट्स आर नॉट अलाउड."

"माहीत आहे."

"हाऊ डू यू नो?"

"देवळात कुठेच चालत नाही," मी म्हणालो आणि एसी वाढवला. शेजारच्या सीटवरून बायकोने, नीलिमाने, माझ्याकडे पाहिलं. एसी आधीच पूर्ण होता.

बंदरावर उतरलो तेव्हा वारा समुद्राकडून येत होता. डिझेल, मासळी, भिजून पुन्हा वाळलेले दोरखंड. लाकडी होड्या एकमेकींना घासून कुरकुरत होत्या. तो वास नाकात गेला आणि मी जिथे उभा होतो तिथे राहिलोच नाही. एका हलत्या लोखंडी धक्क्यावर, भर दुपारी, घामाने निथळत, मी पुन्हा एकदा निघून गेलेल्या बोटीच्या पाठीकडे बघत उभा होतो.

*

तेव्हा मी एकटा होतो इथे. नीलिमा सिन्नरला, सई जेमतेम चार वर्षांची. मी एसी दुरुस्तीच्या कामावर, सदाभाऊ त्याच कंपनीत ड्रायव्हर. इंडस्ट्रियल एरियातल्या एका खोलीत आम्ही सहा जण. त्या खोलीचा वास अजून आठवतो: कुणाच्या तरी डब्यातलं लोणचं, ओले टॉवेल, बाम, आणि सुट्टीवर जाणाऱ्याच्या उघड्या बॅगेतून येणारा नव्या ब्लँकेटचा, साबणांचा, दुधाच्या पावडरचा वास. कुणाचीतरी बॅग सदानकदा उघडी असायचीच. जाणारा एक, पण बॅग सहा जणांची. यात कुणी कुणाला विचारायचं नसतं. तुझ्या तीस किलोंत माझे दोन, त्याचे तीन. आकड्याच्या काट्याला बॅग लटकवून सगळे वाकून बघायचे. आणि एक नियम होता, कुणी लिहिलेला नव्हता तरी सगळ्यांना पाठ: नाजूक वस्तू बॅगेत टाकायची नाही, खोलीवर ठेवायची नाही, स्वतःपासून वेगळी करायची नाही. दुसऱ्याची ठेव ती. घरी पोचेपर्यंत हातात.

शुक्रवारी जेवणं झाली की सदाभाऊ देवगडला फोन लावायचा. स्पीकरवर. त्याची आई, तो तिला आये म्हणायचा, पार बहिरी झाली होती. तो बिछान्यावर मांडी घालून बसायचा, फोन तोंडासमोर धरायचा आणि ओरडायचा, "आये! आये गो! मी सदा!"

तिकडून भावजय तिच्या कानात ओरडायची. मग म्हातारीचा आवाज यायचा, चांगला खणखणीत. दर शुक्रवारी तीच तीन वाक्यं.

"जेवलंस रे? थय गरम होता काय? कधी येतलंस?"

आणि मग ती थांबायची. उत्तर ऐकू येणार नाही हे तिला ठाऊक असायचं, पण उत्तराला लागतो तेवढा वेळ ती सोडायची. सदाभाऊ त्या वेळात उत्तरं द्यायचा. जेवलंय. गरम होता. येतंय, येतंय, आये. खोलीतला मल्याळी दादा टीव्हीचा आवाज बंद करायचा. कुणी हसायचं नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांनाच आपापली आई आठवत असणार, पण आम्ही ते चहा ठेवायच्या निमित्ताने झाकायचो.

मग सदाभाऊने ते मशीन घेतलं. कानाचं. देवगडच्या डॉक्टरने केलेल्या तपासणीचा कागद भावाने फोनवर पाठवला, तो घेऊन सदाभाऊ इथल्या दुकानात तीन वेळा गेला. तिकडेही मिळालं असतं. पण आमच्यात एकदा डोक्यात बसलं की बसलं: इथलं ते चांगलं. दोन्ही कानांची जोडी होती ती. दाण्याएवढ्या त्या वस्तू हातात घेऊन त्याने आम्हाला दाखवल्या. एक तळहातात झाकली तर तिने बारीक शिट्टी मारली.

"बगा, बोलता!" तो म्हणाला. लहान मुलासारखा हसत होता.

एशियन टाउनच्या बाजारातून त्याने टेप आणली, खोका गुंडाळला, वर मार्करने पत्ता लिहिला. मी सुट्टीवर निघालो होतो; सिन्नरला येऊन त्याचा भाऊ तो घेऊन जाणार होता. खोका माझ्या हातात ठेवताना तो म्हणाला, "तुझ्या हाताक यश आसा म्हणान तुका दितंय. न्हायतर या खोलयेत कोणाक दिवचंय नाय." आणि मग, जरा गमतीने, जरा नाही, "आता आये माका शिव्या घालूक लागतली. आयकाक येतला ना सगळा."

*

सुट्टीला मी बुधवारी निघालो. घरी सांगितलं होतं, सोमवारी येतो. मधले दिवस बँकॉकचे, ते कुणाच्याच हिशेबात नव्हते.

का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही. चाळिशीच्या उंबऱ्यावर होतो, आणि आयुष्यात कुठलंही शहर नुसतं बघायला म्हणून पाहिलेलं नव्हतं. जिथे गेलो तिथे कामाला, नाहीतर लग्नाला. एकदा, एकदाच, हातात पिशवी नसताना रस्त्यावर चालावं, असं मनात आलं. पण पिशवी होती. त्या पिशवीत खोका होता.

आणि शहर, मेलं, काही केल्या हाती लागेना. इथे दोह्यात ऊन आणि आपल्यामध्ये काच असते, गाडीची, दुकानाची, ऑफिसची. तिथे काच नव्हती. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडली ती उतरलीच नाही. रस्ता ओलांडायला पंधरा मिनिटं. माणसांच्या डोक्यांवर विजेच्या तारांचे गुंते, त्यांच्याखाली तळणीचा धूर, फणसाच्या गऱ्यांचा गोड वास, लगेच गटाराचा, लगेच उदबत्तीचा. प्रत्येक वास सुरू होतोय तोवर दुसरा. मला एकही पुरता घेता येईना.

पहिल्या दिवशी राजवाड्याच्या वाटेवर एका रिक्षावाल्याने सांगितलं, आज बंद आहे. मी, आखातात दहा वर्षं दलालांशी वागलेला माणूस, त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याने मला एका शिंप्याकडे नेलं, मग खड्यांच्या दुकानात, मग दुसऱ्या शिंप्याकडे. तिथला शिंपी माझी छाती मोजायला लागला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी चालत गेलो. राजवाडा उघडाच होता, कालही होता. पण मी अर्ध्या चड्डीत. दाराशी थांबवलं. समोरच्या बाईकडून हत्तींच्या नक्षीची ढगळ विजार घेतली, तिची नाडी चालताना सुटायची. एका हाताने विजार, एका हाताने पिशवी, आणि अवतीभवती छत्र्या धरलेल्या गाइडांच्या मागे धावणारे लोक. सोन्याचे कळस मी पाहिले. पाहिले म्हणजे, डोळ्यांत घाम जात होता आणि मी ते पुसत होतो.

तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका मोठ्या देवळात गेलो. चपला काढून सोबत घ्यायच्या होत्या. माझ्याजवळ एकच पिशवी. चपला पिशवीत टाकणार तेवढ्यात हात थांबला. आत आयेचं मशीन. एका म्हातारीच्या कानात जायची वस्तू, तिला चपला कशा लावू? मी खोका बाहेर काढून हातात घेतला आणि पिशवीत चपला ठेवल्या. दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाने हा विचार केला नसता. मीही केला नसता तर बरं झालं असतं.

खोका मग हातातच राहिला. बाहेर आल्यावर चपला पायांत गेल्या, पिशवी रिकामी झाली, पण तिला चपलांची माती लागली होती. खोका परत आत टाकवेना.

बोटीत चढलो. त्या नदीवर लांबलचक बोटी एसटीसारख्या धावतात, धक्क्या-धक्क्यावर थांबत. तिकिटं देणारी बाई पत्र्याची लांब नळी खुळखुळवत गर्दीतून फिरत होती, आणि मागच्या टोकाला उभा असलेला माणूस तोंडातल्या शिट्टीने बोट लावायच्या खुणा देत होता. लांब शिट्टी, दोन आखूड, पुन्हा लांब. मला खिडकीशी जागा मिळाली. वारा लागला. तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. पलीकडच्या काठावर एक उंच देऊळ आलं, ऊन त्याच्यावर तिरपं पडलं होतं, आणि मला वाटलं, एवढा एक फोटो काढावा. फोटो काढायला दोन हात लागतात. मी खोका बाकावर ठेवला.

शिट्टी वाजली. लोक उठले. माझा धक्का आला असं वाटून मी गर्दीबरोबर उडी मारून उतरलो. धक्का माझा नव्हता, आणि हातही रिकामे होते.

खोका म्हणून मी एकदा ओरडलो. मराठीत. बोट निघाली होती.

धक्क्याच्या टपरीत एक तरुण मुलगी बसली होती. तिला माझं इंग्रजी कळेना, मला तिचं. मी हाताने खोका दाखवला, बोट दाखवली, आणि मग शेवटी स्वतःच्या कानाकडे बोट केलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. मी बहिरा आहे, असं तिला वाटलं. ती माझ्या तोंडाजवळ येऊन मोठ्याने, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. मी मान हलवली, नाही, नाही, पुन्हा कानाला बोट लावलं. मग तिने कागद घेतला आणि त्यांच्या गोल गोल अक्षरांत काहीतरी लिहून दिलं, आणि पाण्याची बाटली दिली. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावरचा राग नव्हता तो.

उरलेलं बँकॉक मी त्या धक्क्यांवरूनच पाहिलं. प्रत्येक बोटीत चढायचो, बाकांखाली वाकायचो, पुढच्या धक्क्यावर उतरायचो. शेवटच्या धक्क्यावरच्या ऑफिसात छत्र्या होत्या, चष्मे होते, एक लहान बूट होता. खोका नव्हता. विमानात बसलो तेव्हाही कानात शिट्टी वाजत होती. हत्तींची विजार विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

*

सिन्नरहून मी फोन केला. वाक्य मी विमानात तयार केलं होतं.

"भाऊ, कस्टमवाल्यांनी मशीन ठेवून घेतलं. मुंबईला."

आमच्यात कस्टमच्या गोष्टीवर कुणी शंका घेत नाही. प्रत्येकाजवळ एक असते, टीव्हीची, सोन्याची, कुणाच्या परफ्यूमच्या बाटलीची. ती ऐकली की सगळे च्-च् करतात आणि आपली सांगायला लागतात. म्हणूनच मी ते निवडलं.

सदाभाऊ म्हणाला, "जाव दे रे. तुका काय त्रास नाय ना दिल्यानी? पासपोर्टावर काय लिवल्यानी नाय मा?"

"नाही."

"मगे जाव दे. तुझो काय दोष?"

हरवलं असं सांगितलं असतं तर त्याने शिव्या घातल्या असत्या, आठवडाभर बोलला नसता, आणि पुढच्या महिन्यात खोलीतला दुसरा कुणी देवगडकडे निघाला होता त्याच्या हाती दुसरं पाठवलं असतं. हे मला आज कळलेलं नाही. तेव्हाच कळत होतं. त्याने दुसरं मशीन घेतलंही. पण आता ते कुणाच्या हाती द्यायला तो तयार होईना. "परत काढून घेतल्यानी तर? आता मीच न्हेतलंय. माझ्याच कानांत घालून. कानातला कोण काढतलो?" उन्हाळ्यात त्याची सुट्टी होती. ती पुढे गेली. मग आणखी पुढे. मशीन त्याच्या उशीखाली. दर शुक्रवारी तो ओरडत राहिला, तिकडून तीन वाक्यं येत राहिली, आणि मी चहा ठेवायला उठत राहिलो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात आये गेली.

सदाभाऊ देवगडला गेला तो ठरल्याप्रमाणेच, मशीन कानांत घालून. कशासाठी, ते त्यालाही माहीत नसावं. परत आल्यावर बॅग उघडताना, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मुंबैक कोणी काय इचारल्यान नाय रे. हातात घेवन दाकवलंय सुद्धा. म्हणता, जावा, जावा." आणि मग मान वर करून, "तुका कशाक रे अडवल्यानी?"

तो संशय नव्हता. तो खरंच विचारत होता, एखादं गणित सुटत नाही तसा.

"त्या दिवशी दुसरा ऑफिसर असेल," मी म्हणालो.

"आसतलो," तो म्हणाला.

पहिलं खोटं मी घाबरून बोललो होतो. हे दुसरं शांतपणे बोललो. मला त्याची जास्त लाज आहे.

*

गेल्या शुक्रवारी त्याच्या खोलीत चहा पिताना ते मशीन त्याच्या कानांत होतं. इतकी वर्षं गाड्यांच्या इंजिनाशेजारी बसून तोही आता कमी ऐकतो. दुसऱ्याच्या कानांसाठी बनवलेलं ते, नीट बसत नाही, मान वळवली की शिट्टी मारतं.

"आयेचा मीच वापरतंय," तो नीलिमाला म्हणाला. "फुकट कशाक घालवू, वहिनी?"

नीलिमा हसली. त्याने सईला बर्फाच्या गाडीची किल्ली दिली, हॉर्न वाजवून बघ म्हणाला. मग मला, "बँकॉकाक जातात म्हणे सगळी. बरा करतात. पयल्यांदाच मा?"

मशीन त्याच्या कानांत होतं. वारा दाराबाहेर होता. नीलिमा कप आवरत होती. त्याला माझा एकेक शब्द ऐकू आला असता.

"हो," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

"फिरून घे," तो म्हणाला. "आपण काय बगलाव? कंपनी आणि खोली. फोटो धाड माका."

परत येताना सई म्हणाली, "ही इज सो स्वीट, बाबा." नीलिमा म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे गप्प का?" मी म्हणालो, ऊन लागलं. गाडीत काचा बंद होत्या.

घरी आल्यावर कपाटातून जुना पासपोर्ट काढला. कोपरा कापलेला, रद्द झालेला. त्यात बँकॉकचा तो शिक्का आहे, अजून स्वच्छ वाचता येतो. बारा वर्षं मी तो फाडला नाही, जाळला नाही, दाखवलाही नाही. मुलीबरोबर पुन्हा त्या धक्क्यांवर जाईन, शिट्टी वाजेल, आणि मला प्रथमच बघत असल्यासारखा चेहरा करावा लागेल, या विचाराचा मला आता संताप येतो. शहराचा नव्हे.

सदाभाऊचं विमान गुरुवारी आहे. आज सोमवार. अल रुवैस माझ्या घरापासून दीड तासावर आहे, आणि उद्या मी सुट्टी टाकली आहे. मी त्याचं एवढं देणं लागतो: मशीन कस्टमने घेतलं नव्हतं. ते मी बँकॉकला बोटीत विसरलो, आणि तेव्हा तसं सांगितलं असतं तर आयेने त्याचं उत्तर ऐकलं असतं. हे मला त्याच्यासमोर बसून, मशीन त्याच्या कानांत असताना सांगायचं आहे.

अजून सांगितलेलं नाही.